चिप हातचं राखून का विकतात? प्रोसेसरच्या वेगाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, दोन आकडे बदलले आणि ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ३.६ वर चालू लागला की आधी आनंद होतो, आणि पाठोपाठ शंका येते: हा वेग आत होताच, तर मला दिला का नाही? हा प्रश्न मला अनेक वर्षं विचारला जातोय. कधी कुतूहलाने, बहुतेकदा रागाने. हा राग काही बाबतींत अगदी रास्त आहे, काही बाबतींत अजिबात नाही. कुठे रागवावं आणि कुठे नाही, हे वेगळं करता यावं म्हणून ही उत्तरं जरा सविस्तर लिहिली आहेत.

खोक्यावरच्या आकड्यापेक्षा माझा प्रोसेसर जास्त वेगाने चालू शकतो, हे खरं आहे का?

पुष्कळदा हो. खोक्यावरचा आकडा म्हणजे त्या चिपची शेवटची मर्यादा, असा समज आहे. प्रत्यक्षात तो कंपनीने दिलेला शब्द असतो. या वेगाला, ठरलेल्या व्होल्टेजवर, चिप तापलेली असताना, साधारण प्रतीच्या मदरबोर्डवर आणि काही वर्षांची झीज झाल्यानंतरही प्रत्येक गणित बरोबर येईल, असा तो शब्द. तुमच्याकडे यातल्या सगळ्या वाईट गोष्टी एकाच वेळी जुळून येत नाहीत. चिप नवी असते, पंखा चांगला असतो, खोली फार गरम नसते. त्यामुळे ती आकड्याच्या पुढे धावताना दिसते.

मुळात वेगाला मर्यादा येते कशामुळे?

प्रोसेसरचं सगळं काम क्लॉकच्या ठोक्यावर चालतं. ५ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ५ अब्ज ठोके, म्हणजे दोन ठोक्यांमध्ये ०.२ नॅनोसेकंद. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम ६ सेंटिमीटर जातो. त्या अवधीत सिग्नलने एका नोंदकक्षातून (रजिस्टर, म्हणजे आकडा क्षणभर ठेवायची जागा) निघायचं, मधल्या ट्रान्झिस्टरच्या रांगा पार करायच्या आणि पुढचा ठोका पडायच्या आत दुसऱ्या नोंदकक्षाशी पोचून स्थिर व्हायचं.

चिपमध्ये असे असंख्य मार्ग असतात. त्यांतला सगळ्यात लांब, सगळ्यात रेंगाळणारा मार्ग संपूर्ण चिपचा वेग ठरवतो. बाकीचे सगळे मार्ग वेळेआधी पोचत असले, तरी त्यांना या एकासाठी थांबावं लागतं. ठोका लवकर पडला आणि सिग्नल पोचलाच नाही, तर नोंदकक्षात जुनंच मूल्य राहतं आणि उत्तर चुकतं. घोडं पेंड खातं ते इथेच: आपलं उत्तर चुकलं हे चिपला कळत नाही. ती त्याच आत्मविश्वासाने पुढचं गणित करते.

एकाच कारखान्यात, एकाच आराखड्यावरून बनलेल्या चिप वेगवेगळ्या का निघतात?

चिप एकेक करून बनत नाहीत. साधारण ३०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिकॉनच्या चकतीवर, म्हणजे वेफरवर, त्या शेकड्यांनी एकदम बनतात. आराखडा एकच असतो, पण थर चढवणं, कोरणं आणि आयन पेरणं या क्रिया चकतीभर अगदी तंतोतंत सारख्या होत नाहीत. मध्यभागी आणि कडेला फरक पडतो, एका चकतीत आणि दुसरीत पडतो, आणि एकाच चिपमधल्या शेजारच्या दोन कोअरमध्येही (म्हणजे स्वतंत्रपणे गणित करणाऱ्या भागांमध्येही) पडतो. ट्रान्झिस्टर इतके लहान झाले आहेत की मोजक्या अणूंचा फरकसुद्धा त्यांच्या वागण्यात दिसतो.

आणखी एक बाब फारशी कोणी सांगत नाही. वेगवान ट्रान्झिस्टर बहुधा गळकेही असतात. जो कमी व्होल्टेजला चटकन उघडतो, तो बंद असतानाही थोडा प्रवाह झिरपू देतो. त्यामुळे एखादी चिप वेगाला उत्तम असूनही नुसती बसल्या बसल्या जास्त वीज खाते, तर दुसरी वेगाला मध्यम पण विजेच्या बाबतीत काटकसरी असते. यांतली चांगली कोणती? ती कुठे बसवायची आहे त्यावर ते ठरतं. उष्णता बाहेर टाकणारा मोठा हीटसिंक असलेल्या डेस्कटॉपला पहिली चालते, लॅपटॉपला दुसरी हवी असते.

बिनिंग म्हणजे काय?

प्रतवारी. बनलेल्या प्रत्येक चिपची आधी वेफरवर आणि मग आवरणात बसवल्यावर चाचणी होते. किती व्होल्टेजला किती वेग पेलतो, गळती किती आहे, कोणता कोअर किंवा कॅशेचा (हाताशी लागणारी माहिती ठेवणाऱ्या वेगवान स्मृतीचा) कोणता भाग सदोष आहे, हे तपासून तिला एखाद्या गटात टाकतात. पुढे त्या गटालाच बाजारातलं नाव मिळतं. ठरलेली माहिती चिपमधल्या बारीक फ्यूजमध्ये कायमची नोंदवली जाते: कमाल गुणक (मूळ ठोक्याला ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो आकडा) किती, कोणते कोअर चालू, कोणत्या वेगाला किती व्होल्टेज मागायचं. म्हणूनच एकाच नावाचे दोन प्रोसेसर शेजारी ठेवले तर एक दुसऱ्यापेक्षा थोडं कमी व्होल्टेज मागताना दिसतो.

वेगात राखीव अंतर ठेवतात ते नक्की कशासाठी? सगळ्या चिप आपापल्या कमाल वेगाला का विकत नाहीत?

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी समजून घेतलेला आहे, म्हणून इथे जरा थांबू.

पहिलं कारण व्होल्टेजची पडझड. प्रोसेसर निवांत असताना अचानक जड काम आलं, विशेषतः एकाच वेळी अनेक आकड्यांवर क्रिया करणाऱ्या व्हेक्टर सूचना आल्या, की प्रवाह एकदम उसळतो आणि व्होल्टेज क्षणभर खचतं. खचलेल्या व्होल्टेजवर ट्रान्झिस्टर मंदावतात. तो क्षण नॅनोसेकंदांचा असला तरी त्यात कित्येक ठोके पडून जातात, आणि त्यांतल्या प्रत्येक ठोक्याला गणित बरोबर यायला हवं.

दुसरं तापमान. चिप तापली की बहुतेक परिस्थितींत तिची गळती वाढते आणि तारांचा रोध वाढतो. धूळ साचलेला पंखा, पाठीमागे भिंत असलेला कॅबिनेट, मांडीवर उशीत रुतलेला लॅपटॉप, हे सगळं कंपनीला गृहीत धरावं लागतं.

तिसरं झीज. चिपमध्ये हलणारा भाग एकही नसतो, तरी ती झिजते. ट्रान्झिस्टरच्या गेटखालच्या विद्युतरोधक थरात हळूहळू भार अडकत जातो आणि ट्रान्झिस्टर उघडायला पूर्वीपेक्षा जास्त व्होल्टेज लागू लागतं. इलेक्ट्रॉनच्या सततच्या लोंढ्याने तांब्याच्या सूक्ष्म तारांमधले अणू जागचे सरकतात. ही झीज व्होल्टेज आणि उष्णता वाढली की झपाट्याने वाढते. आज काठावर चालणारी चिप दोन वर्षांनी त्याच वेगाला चुकू लागेल, म्हणून विकतानाच थोडं अंतर सोडावं लागतं.

चौथं कारण साधं आहे. चाचणी यंत्र एका चिपवर काही सेकंद घालवू शकतं, दिवस नाही. सगळे मार्ग, सगळ्या सूचनांचे सगळे क्रम त्यात तपासले जात नाहीत. जे तपासता आलं नाही, त्याची भरपाई अंतराने करतात.

चारही कारणं निखळ अभियांत्रिकीची आहेत. पुलावर लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त वजन पूल पेलतो, म्हणून पाटी लावणाऱ्याने आपल्याला फसवलं असं आपण म्हणत नाही. प्रोसेसरच्या या भागावरचा राग मला पटत नाही.

वेग १० टक्के वाढवला तर वीजही १० टक्केच जास्त लागेल ना?

व्होल्टेज तेवढंच राहिलं तर साधारण तसं. पण राहत नाही. चिपमधली वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि एका टप्प्यानंतर वेग वाढवायला व्होल्टेजही वाढवावंच लागतं. दोन्ही १० टक्क्यांनी वाढवले तर १.१ तीनदा गुणायचा: १.३३. म्हणजे १० टक्के वेगासाठी ३३ टक्के जास्त वीज, आणि तेवढीच जास्त उष्णता. गळतीचा हिशोब यात अजून धरलेलाच नाही.

बाजारातला नेमका आकडा कुठे थांबवायचा हे पुष्कळदा या गणिताने ठरतं. चिप पुढे जाऊ शकते, पण तिच्यासोबत येणारा पंखा, मदरबोर्डवरची वीजव्यवस्था आणि सर्व्हर असेल तर खोलीतलं वातानुकूलन मागे पडतं.

चांगली चिप मुद्दाम खालच्या नावाने विकतात, हे खरं का?

हो, विकतात. प्रतवारीचं उत्तर अर्धं आहे, उरलेलं अर्धं इथे आहे.

कारखाना जसजसा मुरत जातो तसतसे उत्तम चिपचे प्रमाण वाढत जातं. पण गिऱ्हाइकांची मागणी तशी वाढत नाही. सगळ्यात वरचा, महागडा प्रोसेसर थोडेच लोक घेतात. मधल्या आणि खालच्या पायरीवर गर्दी असते. खालच्या पायरीला पुरतील एवढ्या कमअस्सल चिप निघालेल्याच नसतात, तेव्हा चांगल्या चिपना खालचा शिक्का मारून ती मागणी भागवली जाते.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण इंटेलचं सेलेरॉन ३००ए. ऑगस्ट १९९८ मध्ये आलेली ही स्वस्त चिप ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर (प्रोसेसरला बाकीच्या संगणकाशी जोडणाऱ्या वाटेवर) ४.५ च्या गुणकाने चालायची: ३०० मेगाहर्ट्झ. बस १०० वर नेली की तोच गुणक ४५० देत असे. आणि बहुतेक ३००ए हा वेग सहज पेलायच्या. तेव्हाचा महागडा पेंटियम २ सुद्धा ४५० मेगाहर्ट्झचाच होता. त्यात कॅशे ५१२ केबी असली तरी ती प्रोसेसरच्या निम्म्या वेगाने चालायची. सेलेरॉनची १२८ केबीच होती, पण चिपवरच आणि पूर्ण वेगाची. त्यामुळे अनेक कामांत दोघांमध्ये फरक जाणवत नसे. एका पिढीला ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे चिप ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याचा, नाद लागला तो याच चिपमुळे.

२००० च्या सुमारास एएमडीच्या ड्युरॉन आणि अॅथलॉनचा गुणक आवरणावरच्या बारीक धातूच्या पुलांनी ठरवलेला असायचा. कारखान्यात लेसरने तोडलेले ते पूल लोक साध्या शिसपेन्सिलीने जोडत, कारण ग्रॅफाइटमधून वीज वाहते. पुढच्या पिढीत कंपनीने तिथे खड्डे ठेवून ही वाट अवघड केली.

काही चिपमध्ये कोअर बंद केलेले असतात म्हणे. ते सदोष असतात की चांगले?

दोन्ही. सोनीच्या प्लेस्टेशन ३ मधल्या सेल प्रोसेसरवर ८ सहायक कोअर छापलेले होते, पण वापरात ७ च ठेवले. एखादा कोअर बिघडलेला निघाला तरी चिप फेकायला लागू नये, म्हणून. पण ज्यांचे आठही कोअर चांगले निघाले, त्यांचाही एक बंद केला गेला, कारण प्रत्येक प्लेस्टेशन सारखंच असायला हवं. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते हे. अॅपलच्या २०२० च्या मॅकबुक एअरमध्ये एम१ चिपची ८ ऐवजी ७ ग्राफिक्स कोअरची आवृत्ती मिळायची. एन्विडियाच्या आरटीएक्स ४०९० या ग्राफिक्स कार्डमधल्या चिपवर १८,४३२ कुडा कोअर (गणितं करणारे छोटे भाग) मावतात. कार्डात चालू असतात १६,३८४.

एएमडीच्या २००९ च्या तीन कोअरच्या फेनॉम २ मध्ये चौथा कोअर बंद करून ठेवलेला असे. काही मदरबोर्डवर बायोसमधली एक सोय चालू केली की तो जागा व्हायचा. कोणाचा ठणठणीत निघायचा, कोणाचा संगणक सुरूच होत नसे. आपल्या वाट्याला आलेला कोअर दोषामुळे बंद आहे की मागणीमुळे, हे बाहेरून ओळखण्याचा काहीही मार्ग नव्हता. म्हणून मी तेव्हाही लोकांना सांगायचो की कोअर जागा झाला म्हणजे तो बरा आहे असं समजू नका.

चालणारा भाग बंद करून विकणं ही फसवणूक नाही का?

हा प्रश्न प्रोसेसरपेक्षा खूप जुना आहे. फ्रेंच अभियंता ज्यूल द्युप्वी याने १८४९ मध्ये रेल्वेबद्दल हेच लिहिलं. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसायचं. छप्पर घालायला फारसा खर्च नव्हता. पण ते घातलं असतं तर दुसऱ्या वर्गाचं भाडं परवडणारेही तिसऱ्यात जाऊन बसले असते. गरिबाला त्रास देणं हा हेतू नव्हता, पैसेवाल्याला वर ढकलणं हा होता. आयबीएमने १९९० मध्ये लेझर प्रिंटरची स्वस्त 'ई' आवृत्ती काढली. मूळ प्रिंटर मिनिटाला १० पानं काढायचा, हा ५. यंत्र जवळपास तेच. वेग कमी करण्यासाठी त्याला मधे थांबायला लावलं होतं.

इंटेलचा १९९१ चा ४८६एसएक्स याच माळेतला मणी. सुरुवातीच्या एसएक्समध्ये दशांश गणिताचा भाग चिपवर होता, पण बंद केलेला. तो हवा असेल तर ४८७एसएक्स नावाची वेगळी चिप घ्यायची. ती म्हणजे दशांश गणिताचा भाग चालू असलेला अख्खा ४८६डीएक्सच होता. बसवली की जुन्या चिपला गप्प करून सगळं काम स्वतःकडे घ्यायची.

माझं मत सांगतो. स्वस्त पायरी असल्यामुळे ज्यांना एरवी परवडलं नसतं त्यांच्या हाती चांगला संगणक येतो, आणि वरच्या पायरीचे पैसे पुढच्या कारखान्याचा खर्च उचलतात. चिपचा खरा खर्च आराखड्यात आणि कारखान्यात असतो; पुढची एकेक चिप त्या मानाने स्वस्तात पडते. त्यामुळे खोक्यावर लिहिलेलं सगळं तुम्हाला मिळत असेल, तर तुमची फसवणूक झालेली नाही. खटकतं ते एवढंच: विकून झालेल्या, तुमच्या मालकीच्या वस्तूतलं कुलूप उघडण्यासाठी पुन्हा पैसे मागणं. इंटेलने २०१० मध्ये पेंटियम जी६९५१ साठी ५० डॉलरचं कार्ड विकून पाहिलं. त्यावरचा क्रमांक टाकला की त्याच चिपमधली हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन कामं एकदम चालवण्याची सोय) आणि आणखी १ एमबी कॅशे जागी व्हायची. लोक संतापले, आणि २०११ मध्ये ती योजना गुंडाळली गेली. तो संताप मला तेव्हाही योग्य वाटला आणि आजही वाटतो. तीच कल्पना २०२३ मध्ये सर्व्हरच्या झीऑन चिपसाठी 'ऑन डिमांड' या नावाने परत आली. मोठ्या कंपन्या करार वाचून, हिशोब करून ते घेतात, म्हणून तिथे आरडाओरडा कमी झाला.

मग गुणकाला कुलूप का घालतात? ज्याला जोखीम घ्यायची आहे त्याला घेऊ द्यावी.

मलाही तसंच वाटतं, पण कुलुपामागे एक खरं कारण होतं. १९९० च्या दशकात स्वस्त पेंटियमवरचं नाव खरवडून वरच्या वेगाचं नाव छापण्याचा धंदा जोरात होता. गिऱ्हाइकाच्या हाती महाग दरात ताणलेली चिप पडायची आणि बोल कंपनीला लागायचा. गुणक बंद केल्यावर तो धंदा बसला. पुढे मात्र कुलूप हीच विकायची वस्तू झाली. इंटेल उघड्या गुणकाच्या चिपना 'के' अक्षर लावून वेगळ्या विकते. एएमडीचे २०१७ पासूनचे डेस्कटॉप रायझन बहुतेक सगळे उघडे असतात.

काही कुलुपं निव्वळ तांत्रिक असतात. २०२२ च्या रायझन ७ ५८००एक्स३डी मध्ये चिपवर कॅशेचा आणखी एक थर चढवलेला आहे. तो थर जास्त व्होल्टेज आणि उष्णता सोसत नाही, म्हणून तिथे ओव्हरक्लॉकिंग बंद. २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची पळवाट उघड झाली. व्होल्टेज नेमकं खाली आणून प्रोसेसरला मुद्दाम चुकायला लावायचं आणि त्या चुकीतून सुरक्षित भागातली गुपितं काढायची, असा तो हल्ला. त्यानंतर अनेक लॅपटॉपवर व्होल्टेज कमी करण्याची सोयच बंद झाली. ज्यांचे लॅपटॉप त्या सोयीमुळे थंड राहत होते त्यांचं नुकसान झालं, पण कारण खोटं नव्हतं.

कंपनीने हे अंतर फारच कमी ठेवलं तर काय होतं?

दोन वेळा ते सगळ्या जगासमोर घडलं आहे.

२००० साली इंटेल आणि एएमडी यांच्यात गिगाहर्ट्झची शर्यत पेटली होती. ३१ जुलैला इंटेलने १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ जाहीर केला. परीक्षण करणाऱ्यांना त्यावर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, नीट कंपाइल होईना (प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर होईना). महिनाभरात, ऑगस्टच्या शेवटी, इंटेलला ती चिप परत घ्यावी लागली. कर्नल कंपाइल करणं म्हणजे प्रोसेसरला दीर्घकाळ दम न घेता पळवणं, आणि एक चूक झाली तरी काम तिथेच थांबतं. काठावरची चिप त्यात लपू शकत नाही.

दुसरा प्रसंग अलीकडचा. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर काही महिने वापरल्यावर गेममध्ये आणि जड कामात कोसळू लागले. कंपनीने तपासून कारण सांगितलं: चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होती आणि त्यामुळे आतला क्लॉक पोचवणारा भाग लवकर झिजत होता. झिजलेल्या चिपला त्याच वेगासाठी किमान व्होल्टेजच पूर्वीपेक्षा जास्त लागायचं. ऑगस्ट २०२४ मध्ये दुरुस्त मायक्रोकोड (चिपच्या आतली सूचनावली) आला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. पण आधीच झिजून गेलेली चिप अपडेटने बरी होत नाही, ती बदलूनच घ्यावी लागते. तुमच्याकडे या पिढीचा प्रोसेसर असेल आणि तुम्ही बायोस अजून अद्ययावत केला नसेल, तर हे वाचणं थांबवून आधी ते करा.

मी वेग वाढवलाय आणि सगळं छान चालतंय. मग काळजी कसली?

संगणक बंद पडला तर ते बरं असतं, निदान कळतं तरी. भीती आहे ती न कळणाऱ्या चुकीची.

माझ्या एका जुन्या मशीनचा वेग मी सुमारे १५ टक्के वाढवला होता. गेम, ब्राउझर, व्हिडिओ, कशातही काही वावगं दिसलं नाही. काही महिन्यांनी आवरून ठेवलेल्या फोटोंच्या झिप फाइल उघडायला गेलो, तर काहींचा चेकसम (फाइल बरोबर आहे का हे पडताळणारा आकडा) जुळेना. फाइल तयार होतानाच कुठेतरी एखादा बिट उलटला होता. मूळ फोटो मी तोवर पुसून टाकले होते. वेग परत मूळ आकड्यावर आणल्यावर नव्या फाइल पुन्हा कधी बिघडल्या नाहीत. गेलेले फोटो मात्र गेले.

असं ठरलेल्या वेगाला चालणाऱ्या चिपमध्येही क्वचित घडतं. गूगलच्या अभियंत्यांनी २०२१ मध्ये मांडलं की हजारो सर्व्हरमध्ये मोजके असे कोअर सापडतात, जे काही ठरावीक गणितं गुपचूप चुकवतात. सगळ्या चाचण्या पार करून आलेल्या चिपची ही कथा असेल, तर आपण घरी अर्धा तास चाचणी चालवून 'स्थिर आहे' म्हणतो त्याला किती अर्थ, याचा विचार करावा. वेग वाढवायचाच असेल तर प्राइम९५ सारखं, स्वतःचं उत्तर स्वतः पडताळणारं काम रात्रभर चालवा, आणि उन्हाळ्यात पुन्हा एकदा चालवा.

आठ-नऊ गिगाहर्ट्झचे विक्रम होतात, ते कसे?

२०११ मध्ये एएमडीचा एफएक्स प्रोसेसर द्रव हेलियमने गारठवून ८.४२९ गिगाहर्ट्झपर्यंत नेला होता. इतक्या थंडीत गळती जवळजवळ थांबते आणि एरवी चिप जाळून टाकेल असं व्होल्टेज देता येतं. कोअर बहुतेक बंद ठेवलेले असतात, आणि आकड्याची नोंद होईपर्यंत चिप तगली की झालं. कौशल्य म्हणून मला त्याचं मनापासून कौतुक आहे. पण या आकड्यावरून 'कंपनीने माझे चार गिगाहर्ट्झ दाबून ठेवले' असं म्हणता येत नाही.

आजच्या प्रोसेसरमध्ये पूर्वीसारखा वाव उरला आहे का?

फारसा नाही, आणि याचं कारण चांगलं आहे. सेलेरॉनच्या काळी चिपला एकच वेग ठाऊक होता, त्यामुळे तो सगळ्यात वाईट परिस्थितीला धरून ठरवावा लागे. इंटेलने २००८ मध्ये टर्बो बूस्ट आणलं. ग्राफिक्स कार्डांमध्ये अशी सोय २०१२ च्या सुमारास रुळली. आता चिप स्वतःचं तापमान, प्रवाह आणि किती कोअर कामात आहेत हे सतत पाहते आणि जागा दिसली की वेग चढवते. पूर्वी आपण बायोसमध्ये बसून जे करायचो, ते ती स्वतः क्षणाक्षणाला करते. म्हणून आता हाताने वेग वाढवून बऱ्याचदा ५ टक्केही पदरात पडत नाहीत. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'कमाल' लिहिलेला वेग बहुधा एकदोन कोअरचा आणि थोड्या वेळाचा असतो. सगळे कोअर राबत असताना तो मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

वेग उलट कमी केला तर?

मी अलीकडे बहुतेकांना हेच सुचवतो. वर दिलेलं घनाचं गणित उतरतानाही तसंच लागू होतं: थोडा वेग सोडला की बरीच वीज वाचते. रायझन ९ ७९५०एक्स मूळ १७० वॉटच्या वर्गातला आहे, पण त्याला ६५ वॉटची इको पद्धत कंपनीनेच दिली आहे. त्यात वीज निम्म्याहून खाली येते, वेग मात्र निम्म्यावर येत नाही, बराच वर राहतो. पंख्याचा आवाज जातो, खोली तापत नाही, चिप कमी झिजते.

अपडेटनंतर माझा फोन हळू झाला. तेही हेच का?

नाही, ती वेगळी गोष्ट आहे. अॅपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअर कमी करत होतं. थकलेली बॅटरी प्रवाहाची अचानक उसळी देऊ शकत नाही आणि फोन बंद पडतो, हे तांत्रिक कारण खरं होतं. चूक ही झाली की लोकांना सांगितलं नाही. अनेकांनी बॅटरी बदलून भागलं असतं तिथे नवा फोन घेतला. विकताना ठेवलेलं अंतर तुम्हाला आधीपासून ठाऊक असतं, विकल्यावर न सांगता काढून घेतलेला वेग ठाऊक नसतो.

एकाच नावाचा प्रोसेसर दोन लॅपटॉपमध्ये वेगवेगळा का चालतो?

कारण लॅपटॉप बनवणारी कंपनी त्याला किती वॉट द्यायचे ते ठरवते. पातळ लॅपटॉपमध्ये तीच चिप १५ वॉटवर बांधलेली असते, जाड्यात २८ किंवा जास्त. खरेदी करताना नावाबरोबर वॉटचा आकडा शोधा, आणि अर्धा तास सलग काम दिल्यानंतरचा वेग दाखवणारं परीक्षण वाचा. पहिल्या मिनिटाचा वेग कोणाचाही चांगला दिसतो.

ओव्हरक्लॉकिंग केलं की वॉरंटी जाते का?

बहुतेक ठिकाणी अटींनुसार जाते, आणि उघड्या गुणकाची चिप विकणारेही त्याला अपवाद नाहीत; गुणक उघडा ठेवला म्हणजे नुकसानीची हमी दिली असं होत नाही. एक सुखद अपवाद आठवतो. रास्पबेरी पायचं पहिलं मॉडेल ७०० मेगाहर्ट्झचं होतं. सप्टेंबर २०१२ मध्ये बनवणाऱ्यांनीच टर्बो पद्धत आणून १ गिगाहर्ट्झपर्यंतचा वेग खुला केला, आणि या पद्धतीत वॉरंटी अबाधित राहील असं जाहीर केलं. चिप तापली तर वेग आपोआप खाली यायचा. आधी वापरातल्या चिपच्या आयुष्यावर काय परिणाम होतो ते त्यांनी तपासलं होतं, मगच अंतर सोडलं.